रात्रीची विमानडाक आणि माझ्या टेबलावरचं डाकोटा

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण. बोललेलं लिहून काढताना थोडीफार काटछाट केली आहे.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस वेळ पाळतो असा त्यांचा समज आहे. तो समज खोटा ठरला तर आधीच माफी मागतो.

छंदावर बोला म्हणाले, तेव्हा सौ. म्हणाली, “त्या विमानांचं सांगू नका, लोक हसतील.” हसतील तर हसू देत. गेल्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत माझ्या या छंदावर एक लेखी तक्रार आली होती, हे इथे बऱ्याच जणांना आठवत असेल. “वरच्या मजल्यावरून मध्यरात्री पिठाच्या गिरणीसारखा आवाज येतो,” असं त्यात लिहिलं होतं. सात वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो, अनेकांना उशिराच्या मेन्टेनन्सवर व्याज लावलं. त्या माणसाविरुद्ध तक्रार आली म्हणून काही जण मनातून खूश झाले होते, तेही मला ठाऊक आहे. तो आवाज गिरणीचा नव्हता. डाकोटा विमानाच्या दोन इंजिनांचा होता. आता मी हेडफोन लावतो, त्यामुळे तक्रार निकाली निघालेली आहे. पण चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस रात्री साडेदहाला विमान घेऊन कुठे निघतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. ते आज सांगतो.

आधी ही भानगड काय आहे ते. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टचा पहिला सिम्युलेटर १९८२ साली आला. तेव्हा पडद्यावर चार रेघा दिसायच्या आणि त्याला धावपट्टी समजायचं. आता उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वी त्यात भरलेली आहे. आपली उल्हास नदी दिसते, बारवी धरण दिसतं, स्टेशनचे फलाट दिसतात. आपली बिल्डिंगही दिसते, फक्त गच्चीवरचा पत्रा अजून तिथे लागलेला नाही.

या सिम्युलेटरबरोबर काही विमानं मिळतात. पण खरे शौकीन तेवढ्यावर थांबत नाहीत, ते वेगळी विमानं आणून त्यात बसवतात. त्याला ॲड-ऑन म्हणतात. आपल्याला १९९९ साली बिल्डरने चार भिंती, एक कडाप्पा आणि दोन नळ दिले. मग आपण ग्रिल बसवलं, ट्रॉल्या केल्या, कोणी बाल्कनी आत घेतली. (कोणी ते विचारणार नाही, आज आनंदाचा दिवस आहे.) ॲड-ऑन म्हणजे तसंच. काही विमानं हौशी मंडळी वर्षानुवर्षं रात्री जागून बनवतात आणि जगाला फुकट देतात. काही कंपन्या बनवतात, त्यांना काही हजार रुपये मोजावे लागतात.

माझी आवड जुन्या, पंख्याच्या प्रवासी विमानांची. जेट नको. डीसी-३, म्हणजे आपलं डाकोटा. डीसी-४, त्याला स्कायमास्टर म्हणत. डीसी-६. आणि तीन शेपट्यांचं कॉन्स्टेलेशन. जेटमध्ये निम्मं काम संगणक करतो. या जुन्या विमानांमध्ये सगळं हातानं. डाकोटा सुरू करायचं तर आधी बॅटरी, मग इंधनाचा कॉक, मग इंजिनाला थोडं पेट्रोल पाजायचं, मग स्टार्टर फिरवायचा, पंख्याची पाती मोजायची आणि मग मॅग्नेटो चालू करायचे. इंजिन खोकतं, निळा धूर सोडतं, आणि मनात असेल तर सुरू होतं. जुन्या लॅम्ब्रेटाला ज्यांनी किका मारल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पीएमडीजी नावाच्या कंपनीचं डीसी-६ आहे. त्याच्या इंजिनाला फार पिळलं तर ते खरोखर निकामी होतं. ए-टू-ए नावाच्या कंपनीने कॉन्स्टेलेशन केलं आहे. त्याची गंमत बँकेतल्या माणसालाच पुरती कळेल. तुम्ही आज इंजिन जास्त तापवलंत, तर ती झीज उद्या तशीच राहते. संगणक बंद केला म्हणून पाटी कोरी होत नाही. जुन्या लेजरमध्ये आपण लिहायचो ना, ‘मागील पानावरून पुढे’, अगदी तसं.

कॉन्स्टेलेशनचं नाव निघालं म्हणून मुलांसाठी थोडा इतिहास सांगतो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. आपल्या देशाच्या कंपनीची युरोपला जाणारी ही पहिली नियमित सेवा, आणि ते विमान कॉन्स्टेलेशनच होतं. त्याच जातीचं ‘काश्मीर प्रिन्सेस’. ११ एप्रिल १९५५ ला ते हाँगकाँगहून निघालं. बांडुंग परिषदेला जाणारी चिनी मंडळी त्यात होती. कोणीतरी त्यात टाइमबॉम्ब ठेवला होता. समुद्रावर असताना स्फोट झाला आणि उजव्या पंखाला आग लागली. कॅप्टन होते दामोदर काशिनाथ जटार. जळतं विमान त्यांनी पाण्यापर्यंत आणलं. ते स्वतः गेले, एकूण सोळा जण गेले, पण तिघे वाचले. त्या तिघांत अनंत कर्णिक हे मेंटेनन्स इंजिनिअर होते. जटार, कर्णिक, हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी, सहवैमानिक दीक्षित आणि नॅव्हिगेटर पाठक, या पाच जणांना अशोकचक्र मिळालं. सैन्याबाहेरच्या माणसांना ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. माझ्याकडचं कॉन्स्टेलेशन थोड्या आधीच्या मॉडेलचं आहे, पण कॉकपिटमध्ये बसलं की जटारांच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं ते समजतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मी मूळचा नागपूरचा. माझे वडील आरएमएसमध्ये सॉर्टर होते. आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, पण बाबांची नोकरी बरीच वर्षं रेल्वेपेक्षा विमानतळावरच जास्त झाली. कारण नागपूरची रात्रीची विमानडाक.

आज मुलांना हे खरं वाटणार नाही. जानेवारी १९४९ मध्ये सरकारने एक योजना सुरू केली. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून एकेक विमान डाकेच्या थैल्या घेऊन निघायचं. चारही विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला, सोनेगाव विमानतळावर उतरायची. नागपूर देशाच्या मध्यावर ना! तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. मग चारही विमानं आपापल्या गावी परत, उजाडायच्या सुमाराला घरी. संध्याकाळी फोर्टमध्ये पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळायचं. पुढे १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रंसुद्धा जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं. आपल्या सोसायटीचं जेवढं वय आहे तेवढं.

मी १९७२ मध्ये बँकेत लागलो तेव्हा आमचे मेल ट्रान्सफर, ड्राफ्टचे ॲडव्हाइस, सगळं पोस्टानेच जायचं. संध्याकाळी डिस्पॅचच्या टेबलावर लाख वितळवून पाकिटांवर शिक्के मारताना माझ्या मनात यायचं, यातलं एखादं आज रात्री बाबांच्या हातात पडणार. तेव्हा फोन करायची ऐपत नव्हती. बाबांना आणि मला जोडणारी ती एक थैली होती म्हणा ना.

मी नऊ वर्षांचा असताना एकदा बाबा म्हणाले, “चाल, दाखवतो तुले.” सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून त्यांनी मला सोनेगावला नेलं. थंडीचे दिवस होते. आधी फक्त अंधार, मग लांबवर एक दिवा, मग दुसरा. एकामागून एक विमानं उतरली. मी इंजिनं मोजली. दोन इंजिनांची होती आणि चार इंजिनांचीही होती. पंखे थांबायच्या आत हमाल हातगाड्या घेऊन पळाले. बाबा हातात कंदील आणि कागद घेऊन ओरडत होते, “मद्रास इकडे! दिल्ली, दिल्ली!” घरी कधी आवाज न चढवणारा माणूस. माझ्या आयुष्यात मी त्यांना तेवढं मोठं कधी पाहिलं नाही.

त्या थैल्या चढवणारे माझे वडील जन्मात एकदाही विमानात बसले नाहीत. १९८८ मध्ये गेले. मी स्वतः पहिल्यांदा विमानात बसलो ते निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी. आणि खिडकीशी जागा मिळाली नाही.

करोनाच्या काळात सगळे घरात बंद होतो. माझा नातू पुण्याला असतो. त्याने त्याचा जुना संगणक मला पाठवला आणि फोनवरून एकेक पायरी सांगत सिम्युलेटर बसवून दिला. “आजोबा, कुठलं विमान हवं?” मी म्हणालो, “डाकोटा.” म्हणाला, “आजोबा, ते काय असतं?” त्याने शोधलं. निघालं! हौशी लोकांनी केलेलं, आणि फुकट. १९३५ साली पहिल्यांदा उडालेलं विमान, दोन इंजिनं, प्रत्येकी चौदा सिलिंडर आणि बाराशे अश्वशक्ती. पहिल्या रात्री मी ते सांताक्रूझच्या धावपट्टीवर फक्त सुरू केलं आणि बंद केलं. उडवायचा धीर झाला नाही.

मग साहित्य जमवायला लागलो, आणि इथे आपल्या तिन्ही गावांचे आभार मानले पाहिजेत. टेबल केलं उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. कारागिराला मी कागदावर चित्र काढून दिलं. तो म्हणाला, “अंकल, ये मेकअप का टेबल है क्या?” मी सांगितलं, विमानाचं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा चित्राकडे पाहिलं आणि ॲडव्हान्स जास्त मागितला. पण काम चोख केलं. जॉयस्टिकची तुटलेली वायरही कॅम्प तीनमध्येच जोडून मिळाली. थ्रॉटलचे दांडे बाजारात प्लॅस्टिकचे मिळतात, हाताला खेळण्यासारखे लागतात. आपल्या बी विंगमधले काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांनी ओळखीच्या लेथवर पितळेचे सहा दांडे करून आणले. पैसे विचारले तर म्हणाले, “साहेब, आयुष्यभर काय बनवतो ते घरी सांगता येत नव्हतं. हे निदान नातवाला दाखवता येईल.” आणि आपल्या बदलापूरने काय दिलं? रात्रीची शांतता दिली. आणि मधूनमधून वीज घालवून मला मनगटी घड्याळावर आणि होकायंत्रावर विसंबायचं शिक्षण दिलं.

विमानाला रंगही देता येतो, त्याला रिपेंट म्हणतात. बाबांच्या सहकाऱ्यांचा एक जुना फोटो घरी आहे, मागे एका विमानाची शेपूट दिसते. तो समोर ठेवून दोन महिने खपून मी माझं डाकोटा रंगवलं. फोटोत नोंदणीची अक्षरं अर्धीच आली आहेत. ‘व्हीटी’ दिसतं, पुढची तीन अक्षरं कोणाच्या तरी खांद्यामागे गेलीत. नातू म्हणाला, “काहीही टाका ना, आजोबा.” मी म्हटलं, अपुऱ्या व्हाउचरवर मी आयुष्यात आकडा भरला नाही. माझ्या विमानावर ‘व्हीटी’ आहे आणि पुढे जागा मोकळी आहे.

आणि मग रात्री निघायला लागलो. मुंबई ते नागपूर.

मुलांनो, घरी नकाशावर पट्टी ठेवून सांताक्रूझपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढून पाहा. ती रेघ आपल्या अंबरनाथच्या अगदी जवळून जाते. नंतर हरिश्चंद्रगडाजवळून, संगमनेरजवळून, औरंगाबादजवळून, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि मग वऱ्हाडातून थेट नागपूर. सुमारे सातशे किलोमीटर. डाकोटाला अडीच-पावणेतीन तास लागतात. सिम्युलेटरमध्ये वेळ पळवायची सोय आहे. मी वापरत नाही. तितका वेळ लागायचा म्हणून तितका वेळ लावतो. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर. अंधारात तो दिसत नाही, म्हणून आपल्या बदलापूर-अंबरनाथचे दिवे खाली असतानाच पुरेशी उंची गाठलेली असावी लागते. औरंगाबाद आलं की सौ. चहा आणते. आणि रोज विचारते, “नागपूर आलं का?”

इथवर हा छंद आहे. पुढचं सांगू की नको असा विचार मी चार दिवस केला.

डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उड्डाण केल्याबरोबर एक डाकोटा कोसळलं. विमानातल्या चौदा जणांपैकी तेरा जण गेले. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. बाबा त्या रात्री ड्यूटीवर होते. ते याबद्दल बोलत नसत. फक्त एकदा, मी बँकेत लागलो त्या वर्षी, मुंबईला निघताना स्टेशनवर बोलले. का बोलले ते माहीत नाही. म्हणाले, “एक इंजिन बंद पडलं म्हणत होते. आम्ही पळालो तिकडे. जाऊन काही उपयोग नव्हता.” मग थोडं थांबून म्हणाले, “थैल्या मी मोजून चढवल्या होत्या. वजन बरोबर होतं.” एवढंच. गाडी सुटली.

बँकेतल्या माणसाला हे वाक्य कळतं. तिजोरी उघडल्यावर रोकड कमी भरली की प्रत्येक जण आधी स्वतःची बेरीज तपासतो. एकोणीस वर्षं माझे वडील मनातल्या मनात ती बेरीज तपासत होते. आणि मला वाटतं, पुढेही तपासत राहिले.

म्हणून मी एक केलं. सिम्युलेटरमध्ये इंजिन मुद्दाम बंद पाडता येतं. मी रात्रीचं नागपूर घेतलं, भरलेलं डाकोटा घेतलं, आणि उडाल्याबरोबर एक इंजिन बंद. त्या रात्रीचं विमान किती भरलेलं होतं, काय बिघडलं, कुठलं इंजिन गेलं, हे माझ्याकडे नाही. त्यामुळे मी चौकशी अहवाल लिहीत नव्हतो. मला फक्त पाहायचं होतं की अशा वेळी माणसाजवळ किती वेळ असतो.

फार थोडा असतो. विमान एका बाजूला वळायला लागतं. पायाने रडर दाबून धरायचं. चाकं वर घ्यायची. कुठलं इंजिन गेलं ते ओळखायचं, आणि चुकून चांगलं इंजिन बंद करायचं नाही. मग मेलेल्या इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला सरळ करायची, म्हणजे ती विमानाला मागे ओढणार नाहीत. हे सगळं अंधारात, जमीन अगदी खाली असताना. पहिल्या अकरा वेळा मी पडलो. नातवाने शिकवलेलं बटण आहे, दाबलं की पुन्हा धावपट्टीवर. बाराव्या वेळी कसंबसं वर राहिलो, चक्कर मारून उतरलो. पुढे बऱ्याचदा जमायला लागलं. सुरुवातीला मला आनंद झाला. मग एका रात्री लक्षात आलं की मला जमतंय, कारण इंजिन बंद पडणार हे मला आधीच माहीत असतं. माझा पाय रडरवर तयार असतो. त्या वैमानिकाला माहीत नव्हतं. रोजच्यासारखीच रात्र होती त्याची.

आणि दुसरी गोष्ट. मी वजन कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं. कमी वजनात थोडं सोपं जातं हे खरं. पण न सांगता इंजिन गेलं तर हलकं विमानसुद्धा मी पाडलं. नातवाला सांगितलं होतं, कधी बंद पडेल ते मला कळू देऊ नकोस. त्याने तसं बसवून दिलं. सहापैकी पाच वेळा गेलो, आणि त्या पाचांत विमान रिकामं होतं दोनदा.

बाबा, थैल्यांचा प्रश्न नव्हता हो. निदान माझ्या टेबलावर तरी नव्हता. हे सांगायला पस्तीस वर्षं उशीर झाला. संगणकावरचा हिशोब म्हणजे पुरावा नव्हे, हेही मी जाणतो. पण त्या रात्रीनंतर मी पुन्हा सुरू करायचं ते बटण वापरत नाही. पडलो तर त्या दिवशीचं उड्डाण संपलं. संगणक बंद करतो आणि देवापुढे जाऊन बसतो. सौ.ला आता न सांगता कळतं.

आणखी एक सांगतो आणि संपवतो, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत.

आपल्या जवळ मलंगगड रस्त्याला नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे विमानतळ केला. तेव्हाचंच आपलं उल्हासनगर, म्हणजे कल्याणची लष्करी छावणी, जिथे फाळणीनंतर सिंधी बांधव आले. वरून पाहिलं की ती जुनी धावपट्टी अजून ओळखू येते. मला वाटलं, वा! घरापासून एवढ्या जवळ डाकोटाच्या काळची धावपट्टी! गेल्या दिवाळीत सोसायटीतली पाच-सहा पोरं आणि त्यांच्या आया घरी आल्या होत्या, त्यांच्यासमोर मी ऐटीत तिथे उतरायला निघालो. मागे सी विंगमधली एक सूनबाई उभी होती. ती हळूच म्हणाली, “काका, तिथे नका ना उतरू.”

मी विचारलं, का गं? म्हणाली, “माझं माहेर तिकडचं. आमच्या पणजोबांची भातशेती होती तिथे. युद्ध संपलं की परत देऊ म्हणाले होते, असं घरी सांगतात. आजी अजून त्या जागेला ‘आपलं शेत’च म्हणते.” २०१७ च्या जूनमध्ये तिथे शेतकऱ्यांचं केवढं आंदोलन झालं, ते तुम्हाला आठवत असेल. मी ते पेपरात वाचलं होतं आणि लोकल उशिरा येणार की काय एवढीच काळजी केली होती.

जमीन कोणाची यावर बोलायचा मला अधिकार नाही, तो विषय मोठा आहे. पण माझ्या पडद्यावर पृथ्वीचा प्रत्येक इंच आहे आणि माणूस एकही नाही, हे त्या मुलीने मला दाखवलं. थैल्या दिसतात, बाबा दिसत नाहीत. धावपट्टी दिसते, भात दिसत नाही. मी थ्रॉटल पुढे केला, उंची घेतली आणि नागपूरच्या वाटेला लागलो. तेव्हापासून नेवाळीला उतरलेलो नाही. वरून जाताना मात्र तिच्या आजीची आठवण येते.

तर पोरांनो, दर शनिवारी संध्याकाळी माझं दार उघडं असतं. डाकोटा कसं सुरू करायचं ते शिकवीन. तिकीट एकच. येताना हाताने लिहिलेलं एक पत्र आणायचं. आजीला, मामाला, गावाकडच्या मित्राला, कोणालाही. आपण ते विमानाच्या टेबलावर ठेवून नागपूरपर्यंत नेऊ, आणि सोमवारी सकाळी मी स्वतः स्टेशनजवळच्या पोस्टाच्या पेटीत टाकीन. आतापर्यंत सतरा पत्रं गेली आहेत. नऊ जणांची उत्तरं आली. बाकीच्यांची येतील.

आणि मोठ्यांना एक विनंती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते एकदा नीट विचारा. स्टेशनवर गाडी सुटायच्या वेळी नको, त्याच्या आधी विचारा.

पंधरा मिनिटांची बावीस झाली. दंड मेन्टेनन्सच्या बिलात लावावा, व्याजासकट भरीन. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देऊन माझे दोन शब्द संपवतो.